उठून उभं राहताना

दिवसाढवळ्या, चार बायांच्या देखत, काही दुखत-खुपत नसताना आडवं पडायचं! आमच्या गावात हे कोणाला जमणार होतं? डॉक्टरीणबाईंनी अंगणवाडीच्या खोलीत गादी टाकली, तिच्यावर धुतलेली चादर घातली आणि म्हणाल्या, "या मावशी, पडा." मावशी गादीच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि पदर ओढून म्हणाल्या, "पडतो ना माय, पण काऊन पडू? मले तं काई झालं नाई."

"काही झालं नाही म्हणूनच पडा."

बाहेर ओट्यावर बसलेल्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. एक म्हणाली, "सुई नाई, गोळी नाई, वरतून झोपा म्हणते. मंग कायची डॉक्टर वं हे?" मी दारातच उभी होते. मी डोळे वटारले तेव्हा कुठं त्या गप झाल्या.

मी या गावची आशा वर्कर. धाड या बाजाराच्या गावापासून जीपनं वीस मिनिटांवर आमचं गाव. गरोदर बायांच्या नोंदी करायच्या, लसीकरणाला लेकरं गोळा करायची, कोणाचा खोकला हटत नसेल तर त्याला धरून दवाखान्यात न्यायचं, ही माझी कामं. माझं तोंड फटकळ आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं सासूबाई माझ्याबद्दल आल्यागेल्याला सांगतात आणि ते खोटं नाही. पण बाया माझं ऐकतात. म्हणूनच डॉक्टरीणबाईंना माझ्याकडे पाठवलं होतं.

त्या तिशीच्या आतल्या, अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या नांदुऱ्याचं. एका मेडिकल कॉलेजात शिकवत होत्या आणि शिकतही होत्या. त्यांचा विषय ऐकून मला आधी हसूच आलं. माणूस झोपलेला उठून उभा राहतो, तेव्हा त्याच्या हृदयाचं काय होतं, हे त्या शोधत होत्या. मी म्हणाले, "मॅडम, याच्यात काय शोधायचं? माणूस उभा राहते अन् कामाले लागते."

त्या हसल्या नाहीत. "आशाताई, उभं राहणं ही साधी गोष्ट नाही," असं म्हणाल्या आणि मला समजावून सांगायला बसल्या. हृदय आपलं आपण धडधडतं, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण हळू चालायचं का जोरात, हे मेंदू ठरवतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन तऱ्हेच्या नसा आहेत. एक म्हणते, हळू. दुसरी म्हणते, चल. आपण उभं राहिलो की अंगातलं रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिनीत बारीक नसांची टोकं पहाऱ्यावर बसलेली असतात, त्यांना ते लागलीच कळतं. त्या मेंदूला कळवतात. मेंदू 'हळू'वाली नस ढिली सोडतो, 'चल'वालीला जोर देतो, पायातल्या रक्तवाहिन्या आवळून घेतो, आणि रक्त पुन्हा डोक्याकडे चढतं. "आणि हे सगळं," त्या म्हणाल्या, "तुम्ही पदर सावरेपर्यंत होऊन जातं. तुम्हाला पत्ताही लागत नाही."

मी त्या दिवशी दहादा बसले, दहादा उठले. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली. श्वास घेतला की ठोके जरा घाईत, सोडला की सावकाश. हेही त्यांनीच दाखवलं. चाळीस वर्षं हे माझ्या छातीत चाललंय आणि मला माहीत नाही! बाप्पा! मी सांगते, देवळात जाऊनही कधी इतके हात जोडावेसे वाटले नव्हते.

पण त्यांना मी गावात येऊ दिलं ते काही या कौतुकापायी नाही. माझ्या मनात दुसरंच होतं. माझ्या मनात माझी जाऊ होती.

माझ्या धाकट्या दिराची बायको. घरात तिला सगळे लहानी म्हणतात. शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं काम करायची. आमच्याकडे त्याला क्रॉसिंग म्हणतात. एका झाडाची कळी चिमट्यानं उघडायची, दुसऱ्या झाडाचे पराग तिला लावायचे, वर दोऱ्याची खूण बांधायची. सकाळी सातपासून जाळीच्या आत उभं राहून हे करायचं, आणि आत असा उकाडा की पाठीवर ब्लाउज वाळत नाही. लहानीचा हात एवढा हलका की मुकादमीण तिलाच पहिली रांग द्यायची.

आणि मग ती पडायला लागली. उभी असायची, बोलत असायची, तोंड चुन्यासारखं पांढरं व्हायचं, घाम फुटायचा आणि खाली. कधी नुसतं डोळ्यांपुढे काळं यायचं आणि मटकन बसायची. दोन घडीत उठायची, पाणी प्यायची, चांगली व्हायची. तालुक्याला नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती एकदम चांगली निघाली. रक्त चांगलं. साखर चांगली. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. दुसरीकडे नेलं, तिथंही पट्टी चांगली. घरी आली की बसल्याजागी भाकरी थापायची, धुणं धुवायची, त्याला काही होत नव्हतं. शेडनेटमध्ये गेली की चक्कर.

झालं. घरातल्यांना काय समजायचं ते समजलं. सासूबाई म्हणायला लागल्या, सोंग आहे. दीर आधी घाबरायचा, मग चिडायला लागला. आणि मी? मी कोण लागून गेले? पाच माणसांत, तिच्या तोंडावर म्हणाले होते, "नाचता येईना अंगण वाकडं. कामाचं नाव काढलं का हिले चक्कर." सगळे हसले होते. ती खाली मान घालून लसूण सोलत राहिली.

दसऱ्यानंतर ती परत पडली तेव्हा बियाण्याची दोन झाडं मोडली. मुकादमीण आमच्या घरी आली. बाई वाईट नाही ती, पण टोळीतल्या वीस बाया सांभाळायच्या तर कडक असावंच लागतं. ओट्यावर बसून म्हणाली, "दुखणं असन तं दुखणं म्हना, मी तिले दुसरं काम पाह्यतो. सोंग असन तं सोंग म्हना, मी दुसरी बाई पाह्यतो. पण एक काईतरी सांगा." लहानी दाराआड उभी होती. "मी सोंग नाई करत," एवढंच म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. मी मनात म्हणलं, बरं झालं. मशीन काही कोणाची जाऊ नाही का सासू नाही. ती खरं काय ते सांगेल. लहानी खरी का खोटी, याचा निकाल लागून जाईल.

तर मी घरोघर फिरून बायांना निरोप दिला. अंगणवाडीत तपासणी आहे, सकाळी या, उपाशीपोटी या.

हे शेवटचं मला कोणी सांगायला सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं साखरेची तपासणी, रक्ताची तपासणी, दरवेळी हेच तर सांगत आले. तोंडाला सवयच ती. तपासणी म्हणलं की उपाशीपोटी आलंच. म्हणताना माझं मलाही कळलं नाही.

बाया आल्या. लाजत, हसत, एकेक करून गादीवर पडल्या. डॉक्टरीणबाईंनी छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला आणि खोलीचं दार ओढून घेतलं. दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग बाईनं स्वतःहून उठून उभं राहायचं, आणि पुढची दहा मिनिटं मशीन पाहत राहणार. दहा मिनिटं काहीही न करता पडून राहायचं! आमच्या बायांना जन्मात कोणी एवढी सवड दिली नव्हती. एक म्हातारी तर घोरायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला उठवलं नाही, मशीन बंद करून बाजूला बसून राहिल्या. जाग आल्यावर म्हातारी म्हणते, "तुमच्या मशिनले अजून धा मिनिटं पायजे असन तं पडतो बाप्पा मी."

लहानीचा नंबर तिसऱ्या दिवशी आला. सासूबाई मुद्दाम सोबत आल्या. मी आत डोकावून पाहिलं. लहानीचा चेहरा असा होता, जसा दहावीच्या पोरीचा निकालाच्या दिवशी असतो. तपासणी झाली. तिला घाम आला, पण त्या दिवशी ती पडली नाही. डॉक्टरीणबाई कागद पाहून म्हणाल्या, उभं राहिल्यावर ठोके वाढतात हिचे, पण इथल्या सगळ्याच बायांचे वाढतायत, कोणाचे थोडे कमी, कोणाचे थोडे जास्त. वेगळं म्हणावं असं काही दिसत नाही.

सासूबाईंनी तेवढंच उचललं. घरी जाता जाता रस्ताभर, "पाह्यलं? मशीननं बी सांगतलं. जशा सगळ्या बाया तशी हे. सगळ्या उभ्या राह्यते, हेच काऊन पडते?"  लहानीनं घरी येऊन चूल पेटवली आणि कणीक मळायला बसली. संध्याकाळी दिरानं मुकादमिणीला निरोप दिला, दुसरी बाई पाहा. मीही म्हणाले, चला, एकदाचं कळलं. आता विचार करते तर माझीच मला लाज वाटते.

त्यानंतर दोनेक दिवसांनी बाया कमी झाल्या, दारात उभं राहायची गरज राहिली नाही, म्हणून मी आत बसले. माझी शेजारीण आली होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर तिचं नाव लिहिलं आणि विचारलं, "जेवण झालं का?"

"हाव मॅडम, झालं."

त्यांनी कागदावर खूण केली. मी शेजारणीकडे पाहिलं. अवं माय! हिची चूल तर मीच सकाळी थंडगार पाहिली होती. चहासुद्धा घेतला नव्हता तिनं. पण ती तरी दुसरं काय म्हणणार? आमच्याकडे रस्त्यात भेटला माणूस विचारतो, जेवण झालं का? आपण म्हणतो, झालं. मग पोटात अन्नाचा कण नसला तरी. परक्या माणसाला, त्यातही डॉक्टरला, नाही म्हणायचं म्हणजे त्यानं आपल्याला जेवू घालावं असं सुचवण्यासारखं. कोणती शहाणी बाई असं म्हणेल?

शेजारीण गेल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, जेवणाचं काऊन विचारता?"

"उपाशी आणि तहानलेलं असलं की अंगात पाणी कमी असतं," त्या म्हणाल्या. "मग उभं राहिल्यावर चांगल्या माणसाचंही हृदय जोरात पळतं. म्हणून जेवून, पाणी पिऊन आलेलीच बाई घ्यायची." आणि मग त्यांचे डोळे चमकायला लागले. "तुम्हाला सांगू? तुमच्या गावात मला जे दिसतंय ते मला वाटलंही नव्हतं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बायांच्या नसाच वेगळ्या वागतात की काय, असं वाटतंय. आमचे सरही खूश आहेत."

 मी "हो का" म्हणाले आणि उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी धाडचा बाजार, म्हणून तपासणीला सुट्टी होती. मी बाजारात गेले. काय घेतलं, काय नाही, मला काही आठवत नाही. डोक्यात एकच. माझ्या एका शब्दापायी या पोरीची सगळी मेहनत पाण्यात. सांगितलं तर ती काय म्हणेल? वर तक्रार करेल? नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? बाया काही सांगणार नाहीत, त्यांनी तर जेवण झालं म्हणून सांगून टाकलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. समोरून कोणी ओळखीचं आलं की मला वाटायचं, याला कळलंय.

जीपमध्ये बसले आणि मग डोक्यात उजेड पडला. सगळ्यांचे आकडे खोटे, तर लहानीचा निकालही खोटा! सगळ्या उपाशी पळत होत्या, त्या घोळक्यात ही वेगळी दिसणार तरी कशी? मी जीपवाल्याला म्हणाले, "जोरात चाल ना बे." गावात उतरले ती पिशवी घेऊन सरळ डॉक्टरीणबाई गावात राहत होत्या त्या खोलीवर.

एका दमात सांगितलं. उपाशी यायला मीच सांगितलं होतं. बायांनी शिष्टाचारानं झालं म्हणलं. कोणीच जेवलेलं नव्हतं. माझं चुकलं.

 त्यांनी तीन प्रश्न विचारले. सगळ्यांना सांगितलं होतं का? हो. पाणी? मी म्हणाले, "मॅडम, पाणी तं आमच्या बाया अशाही पीत नाई. शेतात लघवीले जायची पंचाईत होते, म्हणून सकायपासून तोंड कोरडं ठेवते." हे ऐकून त्यांनी मान वर केली आणि ते वहीत लिहून घेतलं. तिसरा प्रश्न, मी हे आजच का सांगितलं. मी म्हणाले, "माह्या जावेसाठी."

त्यांनी लॅपटॉप मिटला. वही पुढं ओढली आणि सगळ्या पानांवर एकेक आडवी रेघ मारली. शेवटच्या पानावर लिहिलं ते मला वाचून दाखवलं: या गावातल्या आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी रद्द. कारण, माझ्या विचारण्यातली चूक.

"तुमची काऊन?" मी म्हणाले. "चूक माही हाय."

"तुम्ही सवयीनं सांगितलंत. नीट विचारायचं काम माझं होतं. मी नांदुऱ्याची असून 'जेवण झालं का' विचारत बसली!" असं म्हणून त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. मग माझ्यासमोरच फोन लावला. सर, जे सापडलंय असं वाटलं ते सापडलेलं नाही. नाही सर, थोडंसुद्धा ठेवता येणार नाही. पुन्हा पहिल्यापासून करते.

मी पाहत राहिले. मी आजवर किती साहेब पाहिले! वजनकाटा पिशवीतच, आणि पोरांची वजनं रजिस्टरात चढलेली. पाहणीला येऊन गाडीतून न उतरणारे पाहिले. आणि ही एवढीशी पोरगी, कोणाला कधी कळलं नसतं अशी चूक, नाव होणार होतं ते सोडून, स्वतःच्या हातानं खोडते, वर दोष स्वतःवर घेते. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. खरोखर पडले असते तर तिनं पडू दिलं नसतं.

दुसरी फेरी सुरू झाली ती जेवणावळीनंच. मी बायांना सांगितलं, घरी खाऊन आल्या असं मला सांगू नका, भाकर बांधून आणा आणि माझ्यासमोर खा. अंगणवाडीच्या ओट्यावर पंगत बसली. भाकरी, ठेचा, कोणाचं पिठलं, कोणाच्या डब्यात वांग्याची भाजी. एकेकीला मी दोन-दोन तांबे पाणी पाजलं. बाया म्हणाल्या, "एवढं पानी पेऊन जावं कुठी?" खरंच होतं ते. अंगणवाडीच्या संडासाला कुलूप, चावी सरपंचाकडे. मी सरपंचाच्या दारात जाऊन असा काही आवाज लावला की तो स्वतः चावी घेऊन आला.

डॉक्टरीणबाई आता वेगळं विचारायच्या. काय खाल्लं? किती वाजता? भाकर अर्धी का पूर्ण? बाया खुलून सांगायच्या. मग खायला वेळ नाही झाला असं म्हणायची कोणाला लाजही वाटेना. जिनं खाल्लेलं नाही तिला आधी खायला बसवायचं. आणि मशीनवरचे आकडे शहाण्यासारखे वागायला लागले. बाई उभी राहायची, ठोके जरासे चढायचे आणि मिनिटा-दोन मिनिटांत आपल्या जागी येऊन बसायचे. बाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच. मी दरवेळी खिडकीतून पाहायचे आणि दरवेळी मला नवल वाटायचं.

लहानी यायला तयार नव्हती. "एकदा झालं ना ताई हसं. आता पुन्हा कायले?" मी तिला हाताला धरून आणली. सासूबाईंना म्हणाले, तुम्हीही चला. मुकादमीण त्या दिवशी स्वतःच्या तपासणीला आलेलीच होती, ती ओट्यावर हात धूत होती.

लहानी जेवली, पाणी प्याली, दहा मिनिटं पडून राहिली. मशीनवर सगळं शांत. एवढं शांत की माझ्याच छातीत धडधडायला लागलं. म्हणलं, देवा, आता पुन्हा चांगलीच निघते की काय! जावेचं दुखणं निघावं म्हणून देवाला साकडं घालणारी मी पहिलीच असेन.

"उभ्या राहा."

ती उभी राहिली. आकडा चढला. सगळ्यांचा चढतो तसा. मग सगळ्यांचा थांबतो तिथं थांबला नाही. चढत गेला. दोन मिनिटं झाली, चार झाली, तो खाली यायचं नाव घेईना. प्रेशर दोनदा पाहिलं, ते पडलेलं नव्हतं. लहानीचे ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला. तिनं भिंत चाचपडली. "ताई, अंधारून येऊन राह्यलं." डॉक्टरीणबाईंनी पुढं होऊन तिला धरलं आणि हळूच गादीवर निजवलं. आणि ती निजली तसा आकडा भराभर उतरला आणि शांत झाला.

 डॉक्टरीणबाईंनी मशीन सासूबाईंकडे वळवलं. "आजी, हे पाहा. ही इथं उभी राहिली. हे सोंग करून आणता येत नाही. उभं राहिल्यावर रक्त वर चढवायचं जे काम नसांनी करायचं, ते हिच्या नसा नीट करत नाहीत, म्हणून हृदय एकटंच पळत राहतं. तुम्ही दोन ठिकाणी पट्टी काढली ना? दोन्हीकडे झोपवून काढली. हिचं दुखणं उभं राहण्याचं, आणि तपासलं सगळ्यांनी झोपवून."

सासूबाईंना मशीनवरची हिरवी रेघ काय कळणार? पण पोरीला पांढरी पडताना त्यांनी पाहिलं होतं. त्या गादीजवळ बसल्या आणि पदरानं लहानीचं कपाळ पुसलं. मुकादमीण दारातून सगळं पाहत होती. ती म्हणाली, "दुखणं हाय ना? मंग झालं. कळ्याईचे पराग वाळवून डब्या भरायचं काम बसून असते. उद्यापासून ये."

डॉक्टरीणबाईंनी आपल्या ओळखीच्या एका हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही लहानीला तिथं नेऊन आणलं. त्यांनीही तेच सांगितलं. पाणी भरपूर, मीठ ते सांगतील तेवढं, निजल्यावरून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, एका जागी फार वेळ ताटकळायचं नाही. पूर्ण बरं होईल का, हे त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. पण पडणं खूप कमी झालं. डॉक्टरीणबाई आणखी पंधरा दिवस गावात राहिल्या, सगळ्या बायांची फेरी पूर्ण केली आणि गेल्या. बाया काम करताना तहानलेल्या राहतात, याच्यावर त्या आता वेगळं काही करतायत म्हणे.

त्या गेल्यावर एक काम माझ्यावर राहून गेलं होतं. डॉक्टरीणबाईंपुढे चूक कबूल करायला मला एक बाजार लागला. लहानीपुढे जायला आठ दिवस लागले. ती अंगणात तूर निवडत बसली होती. मी समोर बसले, सुपातली मूठभर तूर उगाच चाळवली आणि म्हणाले, "लहाने, तुले मी चार लोकात सोंगाडी म्हटलं. मले माफ कर."

 ती खडे वेचत राहिली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, दिल्या तर बरंच होईल.

"तुमचं काय मनाले लावून घेऊ ताई," ती म्हणाली. "मले बी तसंच वाटे."

"कसं?"

"का मी सोंगच करून राह्यली. सगळे म्हणे ना. डॉक्टर म्हणे, तुमी म्हणा, हे म्हणे. पडली का मंग मी सोतालेच इचारत होती, खरंच आली का वं तुले चक्कर, का कामाचा कंटाया आला? मले काई सांगताच येत नवतं." तिनं सूप खाली ठेवलं. "त्या दिशी मॅडमनं सांगतलं तवा सगळ्यात पयले मीच चाट पडली. म्हटलं, अवं माय, म्हंजे मी खरं बोलत होती!"